फळीवरचे जबडे

कवळीमास्तरांनी सकाळी टोस्टचा तुकडा चावला आणि हनुवटीपासून खालच्या ओठापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली. त्यांनी टोस्ट बशीत ठेवला आणि त्याच्याकडे संशयानं पाहिलं.

"काय झालं हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. कडक आहे."

"चहात बुडवून दिलाय तुम्हाला!"

मास्तर उठून मागच्या खोलीत गेले.

या खोलीत बसून त्यांनी अर्ध्या शहराला दात पुरवले होते. तरुणपणी स्वतःचे किडके दात काढताना त्यांनी चांगलेही काढून टाकले होते. चपलांच्या दुकानदारानं अनवाणी फिरू नये, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक आलं की ते आधी हसून दाखवत. दुकानाला वेगळी पाटी नव्हती. वर्षा-दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक "मास्तर, कवळी सैल झाली हो" म्हणत परत यायचं, आणि मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं: "कवळी सैल होत नाही. माणूस ती नीट सांभाळत नाही." स्वतःची सैल झाली की मात्र ते काही न बोलता नवी करून घेत. जरा जाडसर.

आजही त्यांनी तेच करायचं ठरवलं. आरशासमोर खालच्या हिरडीचं माप घेतलं, त्या ठशात प्लास्टर ओतलं आणि घट्ट झाल्यावर साचा सोडवून हातात घेतला. हिरडीचा बांध जिथे उंच उठायला हवा, तिथे काहीच नव्हतं. मागच्या बाजूला तर उलट खळगा होता. प्लास्टर भिकार आलंय, असा निकाल देऊन त्यांनी पुन्हा माप घेतलं. दुसरा साचा पहिल्याचा जुळा भाऊ निघाला. तेव्हा मास्तरांनी मान वर करून फळीकडे पाहिलं.

वरच्या फळीवर त्यांच्या जबड्याचे सगळे जुने साचे होते, कारागिरीचे नमुने म्हणून जपलेले. त्यांनी ते खाली काढून धूळ पुसली आणि टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्या साच्यात हिरडीचा बांध अंगठ्याएवढा जाड होता. पुढच्यात करंगळीएवढा. मग नुसती सुरकुती. आणि शेवटी आजचा, अजून ओलसर. हे सगळे एकाच माणसाचे जबडे आहेत, असं शपथेवर सांगूनही कोणाला पटलं नसतं. एवढी वर्षं घरात चोरी चालली होती, आणि घरमालक दर चोरीनंतर त्या जागी गुलाबी प्लास्टिकचा थर देऊन वर नवे दात बसवत होता.

नेमकी तेव्हाच त्यांना जांभई आली. मास्तरांनी दोन्ही हातांनी हनुवटी धरली आणि दारात उभ्या राहिलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं समोर बघत ती जाऊ दिली.

त्यांचा जावई दातांचा डॉक्टर होता, इम्प्लांट बसवायचा. मास्तर त्याची ओळख करून देताना "आमचे जावई सुतार आहेत, हाडात स्क्रू पिळतात" असं सांगत. एकदा जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला होता, "बाबा, दात गेला की खालच्या हाडाला काम उरत नाही. मग ते झिजत जातं."

"मग काय, त्याला पेन्शन लावू?" मास्तर म्हणाले होते. सगळे हसले होते. जावईसुद्धा.

त्या दुपारी मास्तर पिशवीत साचे भरून त्याच्या दवाखान्यात गेले आणि बायकोसमोरही कधी न काढलेली कवळी त्यांनी जावयासमोर काढून ठेवली. एक्स-रे झाला. जावयानं तो पडद्यावर मोठा करून पाहिला.

"आधी बसा, बाबा."

"बसलोच आहे. बोला." कवळीशिवाय आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कोणा म्हाताऱ्याचा वाटला.

"नस हाडाच्या आत असते. तुमचं नसेवरचं हाडच गेलंय, त्यामुळे कवळी थेट नसेवर बसते. म्हणून ती कळ येते. आणि इथे दोन्ही बाजूंना जबडा पेन्सिलीएवढा राहिलाय."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. पण पुढे, हनुवटीत, थोडं हाड आहे. तिथे दोन इम्प्लांट बसले तर कवळीचा भार ते घेतील. उरलेलं टिकेल."

"आणि नाही बसवले तर?"

"झिजत राहील. मग एखाद्या दिवशी काहीतरी चावताना..." जावयानं वाक्य तिथेच सोडलं.

"बसवताना जबडाच मोडला तर?"

जावयानं चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा पुसला. "ती भीती आहेच. म्हणून मी हात लावणार नाही. माझे एक सर असली कामं रोज करतात. त्यांना भीती वाटत नाही."

मास्तरांनी पिशवीतले साचे काढून त्याच्या टेबलावर ओळीनं मांडले. जावई एकेक बघत शेवटच्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"सरांना करू द्या," मास्तर म्हणाले. "पण खालून जबडा तुम्ही धरायचा."

"बाबा, माझे हात थरथरतील हो."

"थरथरू देत. इतकी वर्षं माझ्या तोंडात अजिबात न घाबरणारा कारागीर काम करत होता. त्याचं काम हे तुमच्यासमोर मांडलंय."

तेवढ्यात मास्तरांचे डोळे एकदम मोठे झाले. हात उचलायलाही वेळ मिळाला नाही. सकाळचीच जांभई पुन्हा आली होती.

जावयानं चटकन पुढे होऊन त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला. तळहात थंडगार होता आणि खरंच थरथरत होता. "हळू," तो म्हणाला, "हळू, बाबा." आणि श्वास रोखून ती जांभई संपायची वाट पाहत राहिला.