खेळ विकत घ्यावा की भाड्याने

माझा नवरा अनंत साकीनाक्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय तो कोथिंबीरही घेत नाही. आमच्या मुलुंडच्या घरात मिक्सर यायला सात महिने लागले होते, आणि ते सात महिने मी शेजारच्या विमलाताईंकडे चटणी वाटत होते. त्यामुळे बारावीची परीक्षा संपल्यावर ओजसने व्हिडिओ गेमचा कन्सोल मागितला, तेव्हा तो यायच्या आत पोराचं लग्न होईल असं मला वाटलं.

ओजस आमचा एकुलता एक. बापलेकाचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान आवाज तरी आला असता. "जेवलास?" "हो." "चार्जर कुठाय?" "तिथे." एवढ्यावर दोघांचं गेली दोन वर्षं भागत होतं. ऑगस्टमध्ये ओजस इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाणार हे नक्की होतं. त्याच्या आत या दोघांनी एकमेकांशी नीट बोलावं, एवढंच मला हवं होतं. खेळातलं मला काही कळत नाही.

"आधी भाड्याने आणू," अनंत म्हणाला. "वापरून बघू, मग ठरवू."

स्टेशनजवळ विकीचं दुकान आहे. पूर्वी तो मोबाइल दुरुस्त करायचा, आता कन्सोल भाड्याने देतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याने एक कन्सोल, दोन कंट्रोलर आणि क्रिकेटचा एक खेळ आणून टीव्हीला जोडून दिला. "काकू, सोमवारी सकाळी दहाला न्यायला येतो. तोपर्यंत बिनधास्त खेळा."

अनंत डायरी घेऊन बसला. पहिल्याच चेंडूवर फलंदाज दोन माणसं उंच उडाला, चेंडूने पेट घेतला आणि तो थेट चंद्रावर जाऊन पडला. फळ्यावर बारा धावा लागल्या.

"बारा? कुठल्या नियमाने?"

"बाबा, हा आर्केडवाला आहे. यात नियम नसतात, मजा असते."

"पायचीतसुद्धा नाही?"

"नाही."

"मग पंच कशाला उभा केलाय?"

"तो नाचतो."

अनंतने डायरीत 'पंच नाचतो' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मला वाटलं, संपलं.

पण शनिवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं की भाडं सोमवार दहापर्यंतचं भरलंय. आता आमच्यात कार्याला हॉल घेतला, तर पाहुणे गेले तरी वेळ संपेपर्यंत आम्ही रिकाम्या खुर्च्यांवर पंख्याखाली बसून राहतो. अनंत लेंगा वर खोचून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "ओजस, ये रे. वसूल करू."

दोन दिवस घरात नुसतं "हाण, हाण" चाललं होतं. बटणं इतकी बडवली की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मधेच अनंत म्हणाला, "दिंडोशीच्या मैदानावर यष्टीमागे उभा असताना मी असाच एक झेल सोडला होता. मॅच गेली. टीमने महिनाभर मला चहा पाजला नाही."

"तू विकेटकीपर होतास? कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

रविवारी दुपारी, मॅच चालू असताना, स्क्रीनवरची नजर न हलवता ओजस म्हणाला, "बाबा, मला हॉस्टेलचं जरा टेन्शन आलंय." अनंतही स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "मलाही आलंय रे." स्वयंपाकघरात मला इतका आनंद झाला की दोन पोळ्या करपल्या. त्या मीच खाल्ल्या.

सोमवारी कन्सोल गेला आणि अनंतने निकाल दिला. दर आठवड्याला भाडं भरणं मूर्खपणा आहे, विकत घेतला की कधीही खेळता येईल. मलाही पटलं. तिथेच आमची वाट लागली.

अक्षय्य तृतीयेला नवा कन्सोल आला. त्याची पूजा झाली. कंट्रोलरवरचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं. विमलाताईंनी भरतकाम केलेलं कव्हर शिवून दिलं. दोघं एकदाच खेळायला बसले, ओजसने बटण दाबलं की अनंत म्हणायचा, "हळू, हळू. आपलंय ते." मग "उद्या खेळू, आपलाच तर आहे" सुरू झालं. जूनमध्ये कन्सोल खोक्यात घालून कपाटात वर गेला. जुलैत दोघं प्रवेशासाठी नागपूरला दोन दिवस जाऊन आले. कसं झालं विचारलं तर दोघंही म्हणाले, "बरं होतं."

ऑगस्टमध्ये ओजसची नागपूरची बस एका सोमवारी सकाळी होती. आदल्या गुरुवारी मी कपाटातलं खोकं काढलं आणि विकीचं दुकान गाठलं.

"हा ठेव तुझ्याकडे. आणि उद्या संध्याकाळी आम्हाला भाड्याने दे."

विकी माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचाच तुम्हाला? मग भाडं कसलं घेऊ, काकू?"

"घे. भाडं घेतलं नाहीस तर काही उपयोग नाही."

शुक्रवारी विकी दारात आला तसा अनंत तडकला. "आपला घरात असताना भाड्याने? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आपला जपायचाय ना," मी म्हटलं. "याचं सोमवार सकाळी दहापर्यंतचं भरलंय."

अनंतने घड्याळ बघितलं. ऑफिसचा शर्टही न बदलता तो खाली बसला. कंट्रोलर हातात घेऊन म्हणाला, "हे बघ, प्लास्टिकही काढलेलं नाही. काय एकेक माणसं असतात." आणि त्याने ते टराटरा सोलून काढलं.

ओजसने माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत होते. "असतात काही जण, बाबा," तो म्हणाला. "चल, तुझी बॅटिंग."

शनिवार, रविवार घर दणाणत होतं. अनंत हरला, चिडला, हॉस्टेलमध्ये अंडरवेअर कशी वाळत घालायची ते सांगून गेला, स्वतः कॉलेजात एका विषयात नापास झाल्याचं बोलून बसला. ते मलाही माहीत नव्हतं. सोमवारी पहाटे उठूनही दोघं दोन ओव्हर खेळले. मग अनंत ओजसला बसवर सोडून आला.

तो परतला तेव्हा विकी आधीच येऊन चहा पीत होता. टीव्ही चालूच होता. स्क्रीनवर दोन फलंदाज बॅट फिरवत कुणी बटण दाबायची वाट बघत होते.

"काका, आरामात," विकी म्हणाला. "मी लवकर आलो. अजून पाऊण तास आहे तुमचा."

अनंतने दोन्ही कंट्रोलरच्या वायरी गुंडाळल्या आणि विकीच्या हातात दिल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "घेऊन जा."