फळ्याचा कोरा कोपरा

मी एक जुना फळा आहे मित्रांनो. शाळेतला नव्हे, चौकातला. कपाट करून उरलेल्या लाकडातून सुताराने मला जोडले आणि सूतगिरणीच्या रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगले. निवृत्त मास्तर रोज सकाळी माझ्यावर देशाच्या बातम्या लिहीत. गल्लीचे वर्तमानपत्र मीच!

मास्तरांचे दोन हट्ट होते. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ते खडू उचलत नसत. शिवाय माझा खालचा एक कोपरा ते कायम कोरा ठेवत. "ही जागा आपल्या गल्लीची. देशाने आपली दखल घेतली की भरू," असे म्हणत. लोक हसत. मलाही ती जागा फुकट गेल्यासारखी वाटे.

मग ते वर्ष उजाडले. जानेवारीत सरकार गडगडले. मार्चमध्ये खाण्याचे तेल इतके भडकले की भाव लिहिताना मास्तर दोनदा चष्मा पुसत. जूनमध्ये निवडणूक झाली आणि नव्या सरकारने समान मजुरीच्या कायद्याचे वचन दिले.

गिरणीत बायका पुरुषांइतकेच राबत, मजुरी मात्र निम्मी. मास्तरांच्या सुनेने, म्हणजे गल्लीच्या वहिनीने, कायदा होईपर्यंत संप पुकारला. संप फुटला असता तर तिची नोकरी पहिली गेली असती.

एकेचाळिसाव्या दिवशी गिरणीचा मुकादम आला.

"मास्तर, लिहा. संप मिटला. उद्या सगळ्या कामावर येतायत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय की!"

"तुम्ही एक झालात. दुसरं कोण?"

मुकादम पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर कोणीतरी मला तेल चोपडलेले! खडू नुसता घसरू लागला. संप मिटल्याची आवई लांबच्या गल्ल्यांत पोहोचली होती आणि बायका खरे-खोटे पाहायला माझ्याकडेच येत होत्या. मी मुका झालो होतो. मला रडूच कोसळले असते.

वहिनीने मात्र कमरेवर हात ठेवले. "तेलाला एवढा भाव आलाय, आणि यांनी फळ्याला माखलं!"

बायका खो खो हसल्या आणि कामाला लागल्या. धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने मला घासले, कोरडे केले, वर कोळशाची पूड चोळली. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत मास्तरांनी ठळक लिहिले, 'संप चालू आहे.' भोंगा झाला. एकही बाई आत गेली नाही. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

नोव्हेंबरात रेडिओवर बातमी आली, कायदा झाला. गल्ली नाचू लागली.

"मामंजी, आता तरी लिहा!" वहिनी म्हणाली.

"रेडिओ एक झाला," म्हणत मास्तर तारघराकडे पळाले. परतले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी खडू सुनेच्या हातात दिला. "कोपरा तुझा."

तिने लिहिले, 'कायदा झाला. उद्यापासून पूर्ण मजुरीवर कामाला.'

दुसऱ्या दिवशी सवयीने मास्तरांनी सगळे पुसायला फडका उचलला, तशी अख्खी गल्ली ओरडली. शिंप्याने त्या कोपऱ्यावर काच बसवली.

आता मास्तर नाहीत. माझा रंग उडालाय, बातम्या तुमच्या खिशातच असतात. हरकत नाही. पण मित्रांनो, कानावर आलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी एकदा विचारा, 'दुसरं कोण?' आणि कधी इकडून गेलात तर त्या काचेवरची धूळ तेवढी पुसा. वहिनीचे अक्षर अजून तसेच आहे.