ओबडाया टॅकेट कुठे गेला

माझा भाऊ डेल्मर एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत राबला आणि चौसष्टाव्या वर्षी नाकात प्राणवायूची नळी घालून खुर्चीत बसला तो बसलाच. टीव्हीचा त्याला कंटाळा. बायबल दोनदा वाचून झालेलं. मग त्यानं आमच्या मूळपुरुषाचं वेड घेतलं.

मूळपुरुष म्हणजे ओबडाया टॅकेट. घरात ऐकलेली हकिगत अशी, की हा व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीत आला, लिक फोर्क ओढ्याकाठी त्यानं ओंडक्यांचं घर बांधलं, आणि १७९४च्या पानगळीत शिकारीला गेला असताना शॉनी या तिथल्या आदिवासी जमातीच्या लोकांनी त्याला गाठून मारलं. मागे बायको केझाया आणि चार पोरं. आजीनं आम्हाला सांगितलं, आजीला तिच्या सासऱ्यानं. ओढ्याकाठी जिथे दर ऑगस्टात टॅकेटांचा मेळावा भरतो, तिथे आमच्या चुलतभावानं, बर्लनं, पुढाकार घेऊन एक ग्रॅनाइटची शिळाही बसवली आहे. 'शॉनींच्या हातून मृत्यू' असं तिच्यावर कोरलंय.

आमच्याकडे पहिल्या वसाहतकारांच्या वंशजांचं एक मंडळ आहे. त्यांच्या वहीत ओबडायाचं नाव चढावं एवढंच डेल्मरला हवं होतं. पण मंडळाला आजी चालत नाही आणि शिळाही चालत नाही. त्यांना कागद लागतो.

सुरुवातीला तो स्वतः कोर्टाच्या दप्तरात शोधायला जायचा. पुढे तिथल्या तळघराच्या अठरा पायऱ्या त्याला झेपेनात.

"तू जा, नेल्डा," तो म्हणाला. "तुला तरी आता काय काम आहे?"

अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. काम नव्हतं हे खरं. अंगात दम होता असं मात्र नाही. पण डेल्मरला नाही म्हणणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

अशी मी दहा वर्षं त्या तळघरात उतरत राहिले. दर मंगळवारी. खरेदीखतांच्या वह्या पाटावरवंट्याच्या वजनाच्या, एकेक काढताना खांदा निखळायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांचं अक्षर म्हणजे शाईत बुडालेली मुंगी चालल्यासारखं. दप्तर सांभाळणारी ग्लेना मला पाहिलं की चष्मा कपाळावर चढवायची.

"आलात? तुमचा म्हातारा अजून सापडला नाही का हो?"

"दोनशे वर्षं लपून बसलाय, बाई. सवय झालीय त्याला."

"माझा नवरा एवढा वेळ हरवला असता तर मी शोधायला गेले नसते," ती म्हणायची आणि वही उतरवून द्यायची.

पहिला धक्का कराच्या यादीत बसला. त्या काळी दरवर्षी सरकारी माणूस दारोदार फिरून कुटुंबप्रमुखाचं नाव, जमीन आणि घोडे लिहून न्यायचा. १७९५च्या यादीत ओबडाया टॅकेट होता. दोनशे एकर, दोन घोडे. १७९६ला होता. सत्त्याण्णवला घोडे तीन झाले होते. मेलेल्या माणसाचे घोडे वाढत नाहीत.

घरी येऊन मी डेल्मरला सांगितलं.

"त्याचा मुलगा असेल," तो म्हणाला.

"थोरला तेव्हा आठ वर्षांचा होता."

"मग कारकून चुकला."

"सलग पाच वर्षं?"

"तू शेजारचा कुणी टॅकेट वाचला असशील. डोळे तपासून घे तुझे."

मी डोळे तपासून घेतले. नवा चष्माही केला. ओबडाया होता तिथेच होता, १७९९पर्यंत. १८००च्या यादीत मात्र तो नव्हता. त्याच्या जागी लिहिलं होतं: केझाया टॅकेट, साठ एकर, एक घोडा.

हे ऐकून डेल्मर खुर्चीत ताठ झाला. "बघ! नव्व्याण्णव साली मारलं त्याला. आजी नुसती सालात चुकली."

१७९५ला तह झाला आणि त्यानंतर शॉनी आमच्या भागात कुणावर चालून आले नाहीत, हे मी बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांच्या तोंडूनही ऐकलं होतं. शिवाय दोनशे एकरांचे साठ कसे झाले? आणि आणखी एक गोष्ट माझ्या मनात घोळत होती. माणूस मेला की कोर्ट त्याच्या घरात शिरतं. तवे, कुऱ्हाड, गाय, गादी, सगळ्याची यादी होते. लिक फोर्कवर मेलेल्या फाटक्यातल्या फाटक्या माणसाची अशी यादी मी पाहिली होती. एकाची तर फक्त एक तुटकी किटली आणि एक शर्ट. ओबडायाची यादीच नव्हती. तेवढं मी त्याला बोलून दाखवलं.

"जळली असेल," डेल्मर म्हणाला.

"आपलं कोर्ट कधी जळलं नाही, डेल्मर."

"मग उंदरांनी खाल्ली असेल. तू शोध गं. तू मधेच सोडतेस, हाच तुझा दोष आहे."

त्या दिवशी मी त्याच्यासमोर वाल आणि मक्याच्या पावाची थाळी ठेवली आणि घरी गेले. दहा वर्षं मंगळवार वाहिले होते मी. पुढचे दोन मंगळवार गेलेच नाही. अंथरुणात पडून राहिले, पाय दुखतात म्हणून. पाय दुखत होतेच.

तिसऱ्या आठवड्यात ग्लेनाचा फोन आला. "बऱ्या आहात ना? मला एक आठवलं. लिक फोर्कचा वरचा भाग आपल्याकडे आला १८००ला. त्याआधी तो थोरल्या काउंटीत होता, म्हणजे ज्या जिल्ह्यातून आपला फुटून निघाला त्यात. कराच्या याद्या तेवढ्या इकडे आल्या, खरेदीखतं तिथेच राहिली. तिथली दप्तरं पाहिलीत का?"

नव्हती पाहिली. दहा वर्षं मी चुकीच्या तळघरात बसले होते, असं नाही म्हणणार; पण अर्धवट तळघरात बसले होते. हे कळल्यावर मला रागही आला नाही. एवढं थकल्यावर राग येत नाही.

सत्तर मैल गाडी चालवून मी थोरल्या काउंटीत गेले. तिथला कारकून तरुण होता, हसरा होता, आणि त्याला वही नेमकी कुठे आहे ते माहीत होतं. अकरा वाजता मी बसले आणि बारा वाजायच्या आत ओबडाया सापडला. दहा वर्षांचं काम तासाभरात झालं.

मे १७९९. ओबडाया टॅकेटनं लिक फोर्कवरची दोनशे एकर जमीन एका गिऱ्हाइकाला विकली होती. त्याला लिहिता येत नसे, म्हणून खाली त्याची निशाणी: फुली नव्हे, उलट्या ठेवलेल्या घोड्याच्या नालासारखा एक बाक. त्या काळी नवऱ्यानं जमीन विकली तरी बायकोचा त्यात तिसरा हिस्सा राहायचा, आणि तिनं तो आपखुशीनं सोडला की नाही, हे विचारायला दोन न्यायाधीश घरी जात. नवऱ्याला बाहेर काढून तिला एकटीला विचारत. अशी नोंद मी शेकड्यांनी वाचली होती. प्रत्येकीत तेच वाक्य: अमक्याची बायको अमकी हिनं कोणाच्याही धाकाशिवाय संमती दिली.

इथे वाक्य वेगळं होतं. मी भिंग लावलं. मग भिंग काढून पुन्हा वाचलं.

'सदर केझाया हिला नवऱ्यापासून दूर नेऊन विचारले असता ती म्हणते, की ती राजी नाही, तिच्यावर दबाव आहे, ती आपली निशाणी करणार नाही, आणि तिचे हे बोलणे असेच्या असे लिहून घ्यावे.'

पुढे दोन पानं सोडून गिऱ्हाइकाचा करार. भांडण नको म्हणून त्यानं घर, झरा आणि साठ एकर तिच्याकडे राहू दिले होते. त्या साठ एकरांतच माझे आजोबा जन्मले, बाबा जन्मले.

आणि त्याच वहीत, सात वर्षांनंतरचं एक मुखत्यारपत्र. मिसिसिपी नदीपलीकडून, आताच्या मिसूरीतून आलेलं. 'केप जिरार्डो इथे राहणारा ओबडाया टॅकेट आणि त्याची बायको रोडा' हे केंटकीतला एक उरलेला तुकडा विकायचा अधिकार कुणाला तरी देत होते. खाली तोच उलटा नाल.

त्याला कुणी मारलंच नव्हतं. १७९९ला नदीपलीकडे स्पेनचं राज्य होतं आणि जमीन मागेल त्याला मिळत होती. तो सरळ निघून गेला होता.

मी प्रती काढल्या आणि गाडीत येऊन बसले. वाटलं होतं, सापडेल तेव्हा आनंद होईल, निदान रडू येईल. मी डब्यातलं सँडविच अर्धं खाल्लं, अर्धं परत ठेवलं आणि किल्ली फिरवली.

डेल्मरला मी सगळं वाचून दाखवलं. तो खिडकीकडे बघत होता.

"भडवा," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"चार पोरं टाकून."

"हो."

"ती काय म्हणाली ते वाच पुन्हा."

मी वाचलं. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग दम घेऊन म्हणाला, "आणि आपण दोनशे वर्षं त्या शॉनी लोकांच्या नावावर खून घातला. नेल्डा, आजीनं खोटं सांगितलं?"

"आजीला कुणीतरी सांगितलं. केझायानंच सांगितलं असेल पहिल्यांदा. नवरा टाकून गेला म्हणण्यापेक्षा मारला गेला म्हणणं सोपं. पोरांना शेजारात मान राहतो."

"मंडळाला काय कळवायचं?"

"तू सांग."

त्याऐवजी त्याच्याच सांगण्यावरून मी मिसूरीतल्या एका वंशावळीच्या मासिकात चार ओळी छापून आणल्या: केप जिरार्डोचे ओबडाया आणि रोडा टॅकेट यांच्याविषयी कुणाला काही माहीत असल्यास कळवावे. खाली डेल्मरच्या घरचा फोन दिला.

सहा आठवड्यांनी, मी त्याच्याकडे भांडी घासत असताना, फोन वाजला. हात पुसून मी उचलला. बाईचा आवाज, चांगला म्हातारा.

"मी व्हेल्डा हॉलकम बोलतेय, मिसूरीहून. मी ओबडाया आणि रोडाची खापरपणती. तुम्ही आमच्याकडच्याच का?"

"नाही बाई, आम्ही केंटकीकडचे. त्याच्या पहिल्या बायकोचे."

ती हळूच म्हणाली, "असं कसं होईल? पहिल्या बायकोला आणि पोरांना तर शॉनींनी मारलं ना. घर पेटवून. चारही पोरं. म्हणून तर बिचारा दुःखानं देश सोडून इकडे आला. आमच्याकडे दर ख्रिसमसला सांगतात हे."

मी फोनवर हात ठेवून डेल्मरला सांगितलं. त्यानं हात पुढे केला. मी फोन दिला.

"बाई," तो म्हणाला, आणि श्वासासाठी थांबला, "मी डेल्मर टॅकेट. त्या मारल्या गेलेल्यांपैकीच एक बोलतोय."

मग तो हसायला लागला. हसताना खोकला, खोकताना नळी निसटली, ती मी बसवली, तरी तो हसतच होता. पलीकडून तीही हसत असावी, कारण मधेच तो म्हणाला, "नाही नाही, भूत नाही, भुताला एवढा खोकला नसतो." पाऊण तास बोलले दोघं. एवढं तो वर्षभरात माझ्याशी बोलला नव्हता. तिचा थोरला भाऊही मिसूरीत शिशाच्या खाणीत काम करून तसाच छातीनं गेला होता, हे त्याला कळलं. तिच्याकडे दगडी कोळसा नसतो, हे त्याला तिनं समजावलं. फोन ठेवताना तो म्हणाला, "व्हेल्डा, तुमच्या पोरांना सांगा, केझाया जळली नाही. तिनं दोन न्यायाधीशांना दारातून परत पाठवलं."

त्या ऑगस्टात त्यानं मेळाव्याला जायचा हट्ट धरला. चाकाच्या खुर्चीतून नेलं. जेवणं झाल्यावर त्यानं मला कागद वाचायला सांगितले. मी वाचले. लोक पाय पसरून, पंखे हलवत ऐकत होते. वाचून संपल्यावर बर्ल उठला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "दहा वर्षं घासून हे काढलंस? पळपुटा? माझ्या नातवंडांना काय सांगू?"

"दोनशे वर्षांपूर्वी एक बाई नाही म्हणाली, म्हणून तुम्ही इथे आहात, हे सांग," डेल्मर म्हणाला.

"तुला खाणीनं डोकंही खराब केलंय."

"असेल. पण त्या दगडावरचं खुनाचं काढ, बर्ल. त्या लोकांनी आपलं काही केलं नव्हतं."

मतं घेतली. एकवीस विरुद्ध नऊ. शिळा आहे तशी राहिली. परतताना गाडीत डेल्मर म्हणाला, "नऊ झाले की," आणि झोपला.

मंडळाला आम्ही ओबडायाऐवजी केझायाच्या नावानं अर्ज पाठवला. १८००च्या कर यादीत तिचं स्वतःचं नाव होतं, साठ एकर होते. कागद पुरेसा होता. मंजुरीचं पत्र जानेवारीत आलं. डेल्मरनं ते उशीखाली ठेवलं. मार्चमध्ये तो गेला. फार त्रास झाला नाही. सकाळचं जेवण घेऊन आले तर खुर्चीतच होता.

व्हेल्डाचं सांत्वनाचं पत्र आलं. शेवटी तिनं लिहिलं होतं: ओबडायाचं थडगं केप जिरार्डोजवळच्या एखाद्या शेतात असावं, तिथलं कोर्टाचं दप्तर चांगलं आहे, उन्हाळ्यात या, दोघी मिळून शोधू.

मी टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. पत्राबद्दल तिचे आभार मानले, डेल्मर तिच्या फोनबद्दल शेवटपर्यंत बोलायचा ते कळवलं. मग लिहिलं, की माझे गुडघे आता जिने चढत नाहीत, डोळेही उतरलेत. मी थकले आहे, व्हेल्डा. ओबडाया तुमच्याकडे आला होता. आता तुम्हीच बघा.