सत्तेचाळीस पायल्यांची बेरीज

मित्रांनो, मला शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगरूप तर नाहीच. मी एक मॅक्रो, आता जुना झालेला. कॉम्प्युटरला एखादं काम पायरीपायरीनं एकदा शिकवून ठेवायचं आणि पुढे दोन बटणं दाबली की त्यानं ते आपलं आपण करायचं, अशा शिकवणीला मॅक्रो म्हणतात. माझं काम साधं होतं. उभ्या रांगेतल्या आकड्यांवरून वरून खाली उतरायचं, बेरीज करायची आणि ती तळाशी मांडायची.

माझा जन्म अंबाजोगाईचा, सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यातला. चकलांब्याजवळच्या एका लहान गावचे राजेश्वर मास्तर सुट्टीत तिथं कॉम्प्युटर शिकायला आले होते. त्यांनी तीन दुपारी खपून मला घडवलं. पहिल्यांदा मी बेरीज करून थांबलोच नाही. आकडे संपले तरी रिकाम्या चौकटींतून खालीखाली निघालो. मास्तर हसून म्हणाले, "अरे बाबा, सप्ताहात वीणेकऱ्याचासुद्धा पहारा बदलतो. तू थांब की आता!" मग त्यांनी मला थांबायला शिकवलं, एका काळ्या फ्लॉपीत ठेवलं आणि ती फ्लॉपी रुमालात गुंडाळून एस.टी.नं गावी आणली.

शाळेला तेव्हा नुकताच कॉम्प्युटर मिळाला होता. त्या खोलीत चपला काढूनच यावं लागे. हजेरीची बेरीज करायला मास्तरांना पूर्वी अख्खी दुपार लागायची. मी ती पापणी लवायच्या आत करायचो. बघायला आलेली माणसं तोंडात बोट घालायची. खरं सांगतो, मला त्या कौतुकाचा थोडा गर्व झाला होता.

पुढच्या वर्षी गावचा हरिनाम सप्ताह आला. शेवटच्या दिवशीच्या महाप्रसादाला घरोघरची ज्वारी यायची आणि काल्याच्या कीर्तनाआधी देणाऱ्यांची नावं मंडपात वाचली जायची. यंदाची यादी कॉम्प्युटरवर करायची, असं मास्तरांनी ठरवलं. माप घालणारे तात्याबा वही घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

"साखराबाई बंकट," तात्याबांनी वाचलं, "लाभ."

"म्हणजे एक पायली ना?"

"एक न्हाई म्हणायचं, मास्तर! धान्य मापताना पैल्या मापाला लाभ म्हणत्यात. देवाच्या ज्वारीची बरकत घालवता का? लाभच लिव्हा."

"आणि दोन असल्या तर?"

"मग दोन लिव्हा, धा लिव्हा. तिथं माझी ना न्हाई."

मास्तर स्वतः माळकरी. त्यांनी मान डोलावली. ज्यांची एकच पायली आली होती त्या प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'लाभ' असं टाकलं आणि बटणं दाबली.

मित्रांनो, मला फक्त आकडे कळतात. जिथं अक्षरं दिसली तिथं मी शून्य धरलं. शिवाय, ज्याच्यापुढे शून्य येईल त्याचं नाव छापायचं नाही, असं मास्तरांनीच मला शिकवलं होतं. दरवर्षी काही जण नुसतं बोलून जात, देत काही नसत, म्हणून ही सोय. मी बाराशे चौऱ्याऐंशी पायल्या अशी बेरीज मांडली आणि मोठ्या ऐटीत यादी छापून दिली.

पुढचं मला मास्तरांच्याच तोंडून कळलं. काल्याच्या दिवशी मंडप गच्च भरला होता. साखराबाई ऊसतोडीला जाणारी. दरसाल सप्ताह उरकायचा तेव्हा ती दूर कुठल्या तरी कारखान्यावर मोळ्या बांधत असायची. यंदा कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगामच लवकर संपला, म्हणून ती वेळेत गावी पोचली होती. घरच्या ज्वारीतली पहिली पायली तिनं देवाला आणली होती आणि "औंदा माझं बी नाव येणार" असं आळीभर सांगून ठेवलं होतं.

यादी वाचून संपली. तिचं नाव आलंच नाही.

शेजारच्या कौशल्याबाईनं तेवढ्यात चिमटा काढला, "काय गं साखरा, पायली मंडपात वतलीस का चुलीत?"

चार बायका हसल्या. साखराबाई उठली ती थेट तात्याबांपुढे जाऊन उभी राहिली. "तात्याबा, माझं माप तुमीच घातलं की. मी काय रिकामी आलते का? समदा गाव मला लबाड म्हणल आता."

तात्याबांचा चेहरा उतरला. वही त्यांच्या हातातच होती, नाव होतं, मापही होतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. कीर्तन उभं राहिलं होतं. एकदा काला झाला की सप्ताह संपला, मग कुणाचं नाव वाचणार?

मास्तर सायकलवर टांग टाकून शाळेत आले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. त्यांनी बटणं दाबली. मी पुन्हा तीच बेरीज दिली. पुन्हा दाबली, पुन्हा तीच. मला चूक दिसतच नव्हती, मित्रांनो. अखेर मास्तर एकेका चौकटीवर बोट ठेवून खाली उतरू लागले. सातव्या ओळीत त्यांचं बोट थबकलं. "अरे देवा!" ते म्हणाले. अशी सत्तेचाळीस घरं निघाली. गावातली सगळ्यांत गरीब घरं, आणि नेमकी तीच मी गाळली होती.

मास्तरांनी सत्तेचाळीस ठिकाणी एकाचा आकडा घातला. मी मुकाट उतरलो आणि तेराशे एकतीस मांडले.

यादी घेऊन ते मंडपात पोचले तेव्हा हंडी फुटायचीच राहिली होती. सगळं ऐकून काल्याचं कीर्तन करणाऱ्या राधाकिशन महाराजांनी हातातले टाळ खाली ठेवले. "ज्यांची नावं राहिली त्यांच्याशिवाय काला कसला? वाचा," ते म्हणाले.

वाचायला तात्याबाच उभे राहिले. जन्मभर ज्या मापाला त्यांनी कधी एक म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी घसा ताणून म्हणाले, "साखराबाई बंकट, एक पायली!" आणि मग पुढची शेहेचाळीस नावं.

साखराबाईनं पदर डोक्यावर सारखा केला, पण तिला राहवलं नाही. "ऐकलंस का गं कौशल्ये?" म्हणाली. कौशल्याबाईच मग तिला हाताला धरून काल्याच्या पंगतीत घेऊन गेली.

पुढे नवे कॉम्प्युटर आले, रंगीत पडद्यांचे. माझी फ्लॉपी घेणारं यंत्रच शाळेत उरलं नाही. मास्तर निवृत्त झाले, परळीला लेकाकडे गेले. मी कपाटात, जुन्या खडूंच्या खोक्यामागे आहे. फ्लॉपीवर बुरशी चढली आहे. तक्रार नाही. माझ्यापेक्षा शहाणे पुष्कळ आले.

पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमचं यंत्र कितीही हुशार असो, बेरीज झाली की एकदा तरी रांगेवरून बोट फिरवा. आम्ही चुकतो तेव्हा आम्हाला लाज वाटत नाही, घामही फुटत नाही. ज्याचं नाव गळलं त्याच्यासाठी भर उन्हात सायकल हाणणारं माणूस तुमच्यातच असावं लागतं.