मनीला दाखवलेला रस्ता

मैनाबाईचं डोकं फिरलेलं होतं, आणि ते फिरवलं होतं पोटच्या लेकीनं. उमरेडला भाचीचं लग्न. जाणं भागच होतं, हळदीला थोरली मावशी नसली तर लोक तोंडात शेण घालतील. पण भारतीनं पुण्यात बसल्या बसल्या फोनवरून धरमपेठेत मांजरीसाठी खोली घेऊन टाकली होती. मांजरीसाठी! आणि तीही एसीची!

यात संतापायचं काय, असं ज्याला वाटेल त्यानं पूर्वी आमच्या महाल वस्तीत विणकराच्या घरी येऊन पाहायला हवं होतं. सुताला भाताची खळ लावलेली असायची आणि त्या खळीवर उंदीर जीव टाकायचे. म्हणून मागाच्या घरात मांजर हवीच. ती मागाच्या खड्ड्यात निजायची, उंदीर मारायची, दूधभात खायची. तिचं कौतुक कोणी करत नसे आणि तिच्यावाचून कोणाचं चालतही नसे. नाव मनी. आजवरच्या साऱ्याच मांजरींचं नाव मनी. गावाला जाताना मागची खिडकी उघडी टाकायची, शेजारच्या कुसुमताईला दूधभाताचं सांगायचं, की झालं. पुढे मैनाबाईचे यजमान ईश्वरदास गेले, माग मोडीत निघाला, उंदीरही दुसरीकडे गेले. उरली ही म्हातारी मनी आणि मैनाबाई. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

त्या मागच्या खिडकीला भारतीनं दिवाळीत येऊन डासांची जाळी ठोकून घेतली होती. कुसुमताईचं नाव काढलं, तर म्हणाली, मनीला मूत्रपिंडाचं औषध वेळेवर द्यावं लागतं, शेजारणीच्या भरवशावर राहायचा काळ गेला आता. हे कुसुमताईला सांगताना मैनाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ने वं बाई," कुसुमताई म्हणाली. "आमच्या हातचं आता कुठी चालते?"

न्यायला भारतीनं मागवलेली प्लॅस्टिकची पेटी आली होती. तिथं मात्र मैनाबाई अडून बसली. मांजर झाकून नेतात ती एकाच कामासाठी, दूर सोडून द्यायची असते तेव्हा, तिला रस्ता दिसू नये म्हणून. पोत्यात घाला नाही तर पेटीत घाला, मांजरीनं काय समजायचं? मैनाबाईनं मनीला ऑटोत मांडीवर घेतलं, पदरानं धरलं, तोंड बाहेर केलं आणि सारी वळणं दाखवत नेलं. ऑटोवाला आरशातून हसत होता. हसो मेला.

"हा बडकस चौक. हे पाय, बर्डी आली," ती सांगत होती. "मी तुले सोडून देऊन नाही राहिली. रस्ता ध्यानात ठेव."

धरमपेठेत मांजरं सांभाळणारी पायल नावाची पोरगी गोड बोलायची. लसीचा दाखला पाहिला, काचेची खोली दाखवली, मनीला फोनवर केव्हाही पाहता येईल म्हणाली. मनीचा स्वभाव कसा आहे, असंही विचारलं. मैनाबाई म्हणाली, मांजरीसारखा.

उमरेडला हळद लागत असतानाच पायलचा फोन आला. झाडायला दार उघडलं आणि मनी निसटली. पण काळजी करू नका काकू, सगळीकडे फोटो टाकलेत. पाठोपाठ भारतीचा फोन. ती आधी पायलवर ओरडली होती, उरलेलं आईवर ओरडली. मैनाबाईनं पिशवी उचलली तर बहिणीनं हात धरला. मांजरीपायी पोरीचं लगन टाकून चालली काय तू? मंडपातले सारे वळून पाहायला लागले. मैनाबाई थांबली. अक्षता पडल्या, पंगत उठली. फोटो टाकलेत म्हणे! मनी काय फोटो पाहून परत येणार होती?

लग्न आटोपल्यावर ती धरमपेठेत गेलीच नाही. तडक महालात आली, दाराचं कुलूपही न काढता घरामागं गेली.

जाळीचा खालचा कोपरा ओरबाडलेला होता. तारेत करडे केस अडकले होते, आणि थोडं रक्त.

कुसुमताई मागच्या दारात आली. पाहून तिचा चेहरा उतरला.

"कालपासून एक मांजर रडून राहिली होती इथं," ती हळू म्हणाली. "अंधारात मले काय दिसते? मी म्हटलं, तुमची तर धरमपेठेत आहे. ही कोणती भटकी म्हणून पाणी फेकलं मी तिच्यावर."

मनी धरमपेठेत आहे, हे मैनाबाईनंच आपल्या तोंडानं सांगितलं होतं. ती घरात गेली, ईश्वरदासांची सूत कापायची जुनी कात्री काढली आणि जाळी कराकरा कापायला लागली. तेवढ्यात भारतीचा फोन वाजला. कसला आवाज येतोय, ती विचारत होती.

"जाळी कापून राहिली."

"आई, काहून? डास येतील ना."

"येऊ दे," मैनाबाई म्हणाली. "जिले यायचं होतं, ती येऊन गेली."

तिनं फोन ठेवला. कुसुमताई घरात जाऊन दूधभाताची वाटी घेऊन आली आणि खिडकीत ठेवली. मग दोघी गल्लीत उभ्या राहून आळीपाळीनं मनीला हाका मारायला लागल्या.