सतरा नंबर

युद्धाचे ते तिसरे वर्ष. पंपांच्या कारखान्यात उखळी तोफेचे गोळे बनायला लागून दीड वर्ष झाले होते. फाटकावरच्या फळ्यावर रोजचा आकडा लिहीत. आधी चारशे, मग हजार, आता अडीच हजार.

"वहिनी, हात उचला! आज पहिला नंबर सोडायचा नाही," फोरमन ओरडून गेला.

तिला सगळे वहिनीच म्हणत. लढाईवर जाण्याआधी तिचा धाकटा दीर याच शेडमध्ये लेथवर होता. तिचे काम तपासणीचे. प्रत्येक गोळा पोलादी कड्यातून घालायचा. पार गेला तर पास, अडकला तर भंगार. पास झालेल्यावर हातोडीने आपला नंबर उमटवायचा. तिचा सतरा.

घासून घासून कडेही झिजते, आणि सैल कड्यातून जाडा गोळाही पार जातो. म्हणून दर शनिवारी ते कपाटातल्या मूळ कड्याशी ताडून बघत. पण त्यात अर्धा दिवस जाई. आकडा अडीच हजारांवर नेला, तसे शनिवारचे ताडणे बंद झाले.

एके दिवशी तिच्या बोटांना कळले. एरवी खरखरत जाणारे गोळे साबण लावल्यासारखे सटकत होते. फोरमनला सांगायला ती उठली, तोच शेडमधल्या फळ्यावर तिच्या टेबलाचे नाव पहिले लागले. शेडभर टाळ्या वाजल्या. आयुष्यात तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. उद्या सांगू, म्हणून ती खाली बसली.

असे एकोणीस दिवस गेले.

मग दीर चार दिवसांच्या रजेवर आला. जेवताना म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे तो सतरा नंबर कोण आहे हो?"

तिचा वाढता हात थांबला. "का, भाऊजी?"

"आंधळा आहे का, विचारायचं होतं. त्याचे गोळे नळीत अर्ध्यावर अडकतात. मग नळी उलटी करून तो जिवंत गोळा बाहेर काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. परवा आमचे दोघं नळी उलटी करत होते..." त्याने ताट पुढे सारले. "एकाची आई मला पत्र लिहायची. लोकरीचे मोजे पाठवायची."

"अगं, तुला ठाऊक असेल की! कोण तो?" नवऱ्याने विचारले.

"असेल कोणीतरी," ती म्हणाली. "हजार माणसं तिथे." आणि तिने दिराला आग्रहाने आणखी वाढले.

सकाळी तिने ते कडे फोरमनच्या टेबलावर ठेवले. त्याने मूळ कड्याशी ताडून पाहिले आणि आधी दार लावले.

"किती दिवस?"

"एकोणीस."

"कोणाला बोललात?"

"नाही."

"मग आता नकाच बोलू. वापरले गेले ते गेले, उरलेल्यांचं मी वर कळवतो." त्याने तिला नवे कडे दिले, नंबरही बदलून दिला. संध्याकाळी फाटकावरच्या फळ्यावर महिन्याचा एकूण आकडा लागला. मागच्या एकोणीस दिवसांतला एकही गोळा त्यातून वजा झाला नव्हता.

युद्ध संपले. कारखाना पुन्हा पंप बनवू लागला. फोरमनला उत्पादनाचे पदक मिळाले. निवृत्त होऊन तो मुलाकडे गेला आणि तिथेच वारला. उरलेले गोळे परत आले की नाही, हे तिने त्याला कधी विचारले नाही. नवराही गेला, काही न कळता. दीर धडधाकट परतला, फक्त एका कानाने ऐकू येईना. घरात खिडकी लागेना, बरणीचे झाकण निघेना, की तो म्हणायचा, "हा बघा, सतरा नंबर!" पोरांनी ते उचलले. सगळे हसत. तीही हसायची. गेल्या वर्षी तोही गेला. शेवटपर्यंत तिला वहिनी, वहिनी करत होता.

परवा नात कपाटाचा खण ओढत होती. "आजी, सतरा नंबर झालाय गं!"

ती उठली. खण काढून तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवले. "इथे," म्हणाली आणि पॉलिशपेपर घेऊन घासायला बसली.

"आजी, पुरे. आता सरकतोय की," नात म्हणाली.

ती घासतच राहिली.