पाठमोरा मुलगा

केझिया टटल या विधवेपाशी तिच्या एकुलत्या एका मुलाचा, ॲसाहेलचा, एकही फोटो नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो आमांशाने गेला आणि इतरांबरोबर एका चरात पुरला गेला. त्याचा चेहरा जगात एकाच जागी उरला होता: युद्धापूर्वीच्या उन्हाळ्यात चित्रकार प्रिचर्ड यांनी काढलेल्या कोळशाच्या रेखाटनात.

विजयाला वर्ष झाले तेव्हा प्रिचर्डना सैनिकाचे घरी परतणे रंगवायचे होते. व्हरमाँटमधल्या आमच्या गावात परतलेले सैनिक दोन होते. पण एकाला पाय नव्हता आणि दुसऱ्याचे थरथरणे थांबत नसे. कलेला धडधाकट देह हवा होता. म्हणून पैसे मोजून आपल्या जागी बदली माणूस पाठवून युद्ध चुकवलेला गिरणीमालकाचा पुतण्या वॉरन निवडला गेला. लष्करी कोट मात्र पाय गमावलेल्याकडून उसना आणला.

आई म्हणून केझिया. मध्यस्थी मी केली. लॅटिन शिकवणाऱ्याच्या शब्दाला तेव्हा वजन होते. ठरले असे की तिने उभे राहावे आणि चित्रातल्या सैनिकाला ॲसाहेलचा चेहरा मिळावा.

अकरा दिवस ती वॉरनला मिठी मारून उभी राहिली.

"काकू, जरा सैल धरा, श्वास कोंडतोय."

"माझ्या पोरानं कधी तक्रार केली नाही."

"बाई, ओठ हलवू नका," प्रिचर्ड म्हणत. "आणि थोडा आनंद येऊ द्या."

चित्र नगरसभागृहात मांडले गेले. उंबरा, मधाळ ऊन, केझियाने कधीही न पाळलेला कुत्रा, आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून आमच्याकडे पाठ केलेला सैनिक.

"चेहरा कुठे आहे?" मी विचारले.

"चित्राच्या प्रती छापून विकणारे न्यूयॉर्कचे छापखानेवाले म्हणाले, चेहरा दाखवलात तर तो एकाच बाईचा मुलगा. पाठ दाखवलीत तर घरोघरी खपेल. मास्तर, तुम्ही तर शिकलेले."

"आणि ते रेखाटन?"

"चांगला कागद मिळतो कुठे हल्ली! पावाच्या गरानं पुसलं आणि त्यावरच चित्रातल्या कुत्र्याचं कच्चं रेखाटन केलं."

तेवढ्यात चर्चचे डीकन बर्डसॉल डोळे पुसत आले. "केझियाबाई, काय पाठ साधलीय ॲसाहेलची! हुबेहूब!"

"ती वॉरनची आहे, डीकन. युद्धाला दाखवली होती ना, तीच."

सभागृहात कोणी हसले नाही. गिरणीमालक पहिल्याच रांगेत होता.

तिने प्रिचर्डकडे कुत्र्याचा कागद मागितला. त्यांनी तो लगेच आणवला आणि खाली ठसठशीत सही करून दिला. यशस्वी माणसे अशा वेळी उदार होतात.

केझियाने कागद खिडकीशी नेला, तिरपा धरला, बराच वेळ न्याहाळला. मग मला हाक मारली.

"मास्तर, हे बघा. कानाच्या मागे ही रेघ राहिलीय. हा त्याचा जबडा. हो ना?"

मला ती कुत्र्याच्याच मानेची रेघ दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "त्याचाच."